न विचारता काढलेली सुजाता

मारेगावच्या बसस्थानकामागच्या गल्लीत मारोती नगराळे यांची एक खोली आहे. तीस वर्षे त्यांनी किराणा दुकानांपासून कृषी केंद्रांपर्यंत साऱ्या तालुक्याच्या पाट्या रंगवल्या. स्वतःच्या दारावर मात्र पाटी नाही. कोणी कारण विचारले तर म्हणतात, "आता वाचाले येते कोन?" त्यात तक्रारीचा सूर नसतो. फ्लेक्सची छपाई आली तेव्हा गावात चार पेंटर होते. दोघे बांधकामावर गेले, एकाने पानठेला टाकला आणि मारोती भिंतींकडे वळले. देवाला किंवा बुद्धाला फ्लेक्सवर छापून टांगणे लोकांना तेव्हा बरे वाटत नव्हते. त्यामुळे देवळांचे सभामंडप आणि विहारांच्या भिंती एवढेच काम हाताने करायचे उरले होते.

त्यांची रीत ठरलेली होती. समितीचे लोक एखादे कॅलेंडर आणून देत. मारोती त्यावर पेन्सिलीने चौकटी आखत, निळीत भिजवलेल्या दोरीने भिंतीवर तितक्याच मोठ्या चौकटी उठवत आणि एकेक चौकट कॅलेंडरावरून भिंतीवर उतरवून घेत. या रीतीत चूक होत नाही. या रीतीत चित्रकारही फारसा लागत नाही, हे त्यांना ठाऊक होते. कॅलेंडरावरचे राम, बुद्ध, सीता, यशोधरा हे सगळे एकाच घरातले दिसत: गोरे, गुळगुळीत, कधीही उन्हात न गेलेले. ते काढणारा माणूस रोज उन्हात उभा असे.

मारोती बौद्ध. वडिलांनी दीक्षा घेतली, पण आजोबांनी ठेवलेले नाव पोराला तसेच राहिले. पत्नी नलू म्हणायची, "घरात देव नाही आन् पोट मात्र देवाच्या भिंतीवर." चार वर्षांपूर्वी नलू गेली. मुलगी दीपा नागपूरला असते. दर रविवारी तिचा फोन येतो, जेवण झाले का असे ती विचारते, झाले असे हे सांगतात. त्यानंतर दोघांनाही काय बोलावे ते सुचत नाही. नलूच्या मागे आठवड्याचे सहा दिवस मारोतींचा आवाज गिऱ्हाइकाशी बोलण्यापुरताच निघे, आणि गिऱ्हाईक रोज येत नसे.

अशा काळात सावरखेडीचे काम आले. मुकुटबनपासून सात-आठ किलोमीटरवरचे हे लहान गाव. विहार नवा बांधला होता. समितीचे अध्यक्ष संघदीप हे तिथल्याच शाळेत शिक्षक. वयाने मारोतींपेक्षा निम्मे, वाचलेले, बोलण्यात नेमके. बुद्धाच्या जीवनातले चार प्रसंग त्यांना भिंतीवर हवे होते. डिसेंबरात मारोती विहारामागच्या खोलीत राहायला गेले. गावाने त्यांच्या जेवणाची पाळी लावून दिली: रोज एक घर. दर संध्याकाळी वेगळ्या घरचा डबा, वेगळ्या हाताचे तिखट.

नवव्या दिवशी पाळी होती तानाबाईंची. साठीच्या आतबाहेरची, एकटी राहणारी बाई. घर विहाराला लागून, काम शेतमजुरीचे. त्या दिवसांत कापूस वेचण्याचे. वेचणीत त्यांचा हात चपळ आणि तोंड त्याहून चपळ होते. शेजारणीच्या ओळीतली चांगली फुटलेली बोंडे जाता जाता उचलून घेण्याची त्यांना खोड होती, आणि त्यावरून दिवसातून एकदा तरी भांडण होई. भांडणारी बहुतेक त्यांच्याच वयाची जया असे. भांडण झाले की दोघी एकाच झाडाखाली बसून एकमेकींच्या डब्यातले खात.

तानाबाईंनी डबा पुढे ठेवला तेव्हा मारोतींनी त्यांचे हात पाहिले. पिकलेल्या बोंडाची टोके काट्यासारखी वाळतात. दोन महिन्यांच्या वेचणीने बोटांच्या पेरांवर बारीक काळे ओरखडे उमटले होते, आणि अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. मारोती त्या दिवशी ज्या चित्रापाशी अडले होते ते सुजातेचे. उपासाने खंगलेल्या सिद्धार्थाला जिने खिरीचे भांडे दिले, ती गावातली बाई. समितीने दिलेल्या कॅलेंडरावर तिच्या हाती सोन्याचा वाडगा होता आणि बोटे मेणाची होती.

"बाई, तुमचे हात काढू देता काय चित्रात?" त्यांनी विचारले.

"हातात काय हाय पाह्यासारखं?"

"कामाचे हायेत."

"कामाचे तं बैलाचे पायबी असतात," त्या म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी वेचणीवरून परतल्यावर घरातला जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचे पातेले, घेऊन त्या येऊन बसल्या.

पुढचे बारा दिवस उजेड असेपर्यंत अर्धा-पाऊण तास त्या गंज मांडीवर धरून बसत. हात स्थिर असत, तोंड चालू असे. कोणत्या सुनेने सासूला काय उत्तर दिले, जया बोंडे कशी कच्चीच तोडते, अशा साऱ्या हकिकती. मारोती कधी एखादा प्रश्न विचारत, कधी हसत. नलू गेल्यापासून इतके बोलणे त्यांच्या कानांवरून गेले नव्हते. त्या उठून गेल्या की ते काही वेळ दिवा न लावता बसून राहत.

हात पूर्ण झाले. चेहरा उरला. कॅलेंडरावरचा चेहरा त्या हातांवर बसेना. एका सकाळी तानाबाई शेतात गेलेल्या असताना मारोतींनी भिंतीवरच्या चौकटी ओल्या फडक्याने पुसल्या, आणि चौकटींशिवाय, समोर कोणी नसताना, एका बैठकीत चेहरा काढला. जयाची नक्कल करून हसण्याच्या बेतात असलेल्या, हसू दाबून धरलेल्या तानाबाईंचा तो चेहरा होता. तीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा काही पाहून न उतरवता काढले होते. हातांसाठी आपण विचारले होते, चेहऱ्यासाठी नाही, हे त्यांना काढतानाही कळत होते. संध्याकाळी विचारू, असे त्यांनी ठरवले. संध्याकाळी त्यांनी चित्रावर चादर टाकली.

माघ पौर्णिमेला विहार उघडला. चादर काढली तेव्हा लोक भिंतीजवळ सरकले. मग मागून जया म्हणाली, "अवं, हे तं आपली तानी हाय." आणि सभेत एकच गलका झाला.

"बुद्धाच्या टायमाले जर्मन होतं काय?" एका म्हाताऱ्याने गंजाकडे बोट करून विचारले.

"होतं का नाही ते तुमाले माईत, तुमीच होते तवा," कोणी उत्तर दिले.

संघदीप अस्वस्थ होते. त्यांनी दुसरेच चित्र दिले होते. पण पाहुणे आलेल्या भन्तेंनी भिंतीपुढे बराच वेळ उभे राहून सांगितले, की सुजाता गुराख्यांच्या गावातली होती. ती अशीच असणार. कष्टाचे हात ज्या धम्मात पूजेला बसत नाहीत तो धम्म आपला नव्हे. टाळ्या झाल्या. तानाबाई पुढे आल्या, चित्र पाहिले, आणि म्हणाल्या, "मी येवढी काळी हाय काय?" सगळे हसले. मारोतीही हसले. त्या हसण्याला त्यांनी संमती मानले. माणूस स्वतःच्या अपराधाची सुटका किती थोडक्यात करून घेतो, याचे हे साधे उदाहरण आहे.

पुढच्या नोव्हेंबरात तानाबाई एकट्या बसने मारेगावला आल्या. विचारत विचारत त्यांनी खोली शोधून काढली. मारोतींनी चहा केला. मनातून ते आनंदले होते; एवढ्या महिन्यांत त्या खोलीत कोणी बसण्यासाठी म्हणून आले नव्हते.

"पेंटर भाऊ, तेवढं पुसून टाका," तानाबाई म्हणाल्या.

"काय?"

"माहं थोबाड."

मारोतींना वाटले, कोणी चेष्टा केली असेल. त्यांनी तसे विचारले.

"चेष्टा करत असते तं मी कायले आली असती येथपर्यंत?" त्या म्हणाल्या. "कोनी चेष्टाच करत नाही ना. मी वावरात गेली का बाया चूप. जया, जे मले ताने म्हने, ते आता तुमी म्हनते. मांगच्या हप्त्यात मी तिच्या ओळीतले बोंडं घेतले, चांगले मूठमूठ. पाह्यलं तिनं. अन् म्हनते, घ्या तुमी. माह्यासंग कोनी भांडत नाही, भाऊ."

हकिकत अशी होती. चित्राचे फोटो मोबाइलवर फिरले. बाहेरगावचे लोक विहार पाहायला येऊ लागले आणि सुजाताबाई कुठे राहतात असे विचारू लागले. कोणी शेजारी उभे राहून फोटो काढी, कोणी पाया पडे. शेतमालक म्हणे, तुम्ही सावलीत बसा माय. पावसाळ्यात शेजारच्या एका पोराला उलट्या लागल्या. त्याची आजी तानाबाईंकडे आली आणि म्हणाली, तुमच्या हातची खीर द्या. घरात दूध नव्हते. पुडीतली पावडर कालवून, साखर टाकून त्यांनी दोन चमचे दिले, लहान लेकराला नाही कसे म्हणायचे म्हणून. पोरगे बरे झाले. तसली पोरे दोन दिवसांत बरी होतातच. पण त्यानंतर लोक वाटी घेऊनच येऊ लागले.

"आता एखांदं पोट्टं नाही वाचलं तं?" तानाबाई म्हणाल्या. "मंग मी कोन? सुजाता का चेटकीन?"

मारोतींनी कप खाली ठेवला. नंतर म्हणाले, की भिंत समितीची आहे. संघदीप सरांना विचारावे लागेल. लोकांना समजावता येईल. हे सारे खरे होते, आणि त्यांनी ते सांगितले ते त्यासाठी नव्हे. तो चेहरा पुसला, तर आयुष्यात त्यांचे असे एकही काम कुठल्याही भिंतीवर उरणार नव्हते.

"सरानं समजावलं," त्या उठत म्हणाल्या. "भाषन देल्लं. बाविस प्रतिज्ञा वाचल्या. बाया म्हने, आमी थोडीच देव मानतो, आमी तं सुजाताआई मानतो." दारात त्या थांबल्या. "तुमी आले असते तं बरं झालं असतं. बसून रायते मानूस तुमच्याजवळ."

दोन महिने मारोती गेले नाहीत. धर्मचित्रात सामान्य माणसाला जागा द्यावी, ही गोष्ट चांगली, हे त्यांना पटलेलेच होते. तसे न पटणारा माणूस आज क्वचित भेटेल. ज्या समाजाला हजारो वर्षे देवळाच्या पायरीवर थांबवले, त्याच्या भिंतीवर त्याचाच चेहरा यावा, यात न्याय आहे. पण न्यायाचा तो भार कोणाच्या मानेवर ठेवला, हे विचारायचे राहून गेले होते. चित्रातली सुजाता माणसांत आली होती, आणि तिच्या बदल्यात एक बाई माणसांतून उठली होती. मारोतींना हे शब्दांत मांडता आले नसते. त्यांना एवढेच कळत होते, की माणसाविना घर कसे असते ते आपल्याला माहीत आहे, आणि तेच आपण दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवले आहे.

जानेवारीत सावरखेडीहून फोन आला. बोलत होती जया. मुकुटबनकडचे एक कुटुंब तापाने फणफणलेले पोर घेऊन आधी दवाखान्यात न जाता तानाबाईंकडे आले होते. तानाबाईंनी त्यांना नको नको ते बोलून पोर हातातून ओढले, ऑटोत घातले आणि स्वतः दवाखान्यात नेले. पोर वाचले. डॉक्टरांनी मात्र सांगितले की आणखी उशीर झाला असता तर सांगता आले नसते.

"ते कालपासून जेवली नाही," जया म्हणाली. "तुमी केलं हे, तुमीच निस्तरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मारोती रंगांची पेटी घेऊन विहारात होते. समिती बसली; तानाबाईही येऊन बसल्या होत्या. संघदीप म्हणाले, "काका, अंधश्रद्धा लोकांच्या डोक्यात आहे, चित्रात नाही. चित्र पुसलं म्हणजे आपण हरलो. चार गावांतली पोरं हे चित्र पाहून म्हणतात, ही तर आपल्यासारखीच आहे. ते मी कसं पुसू देऊ?"

मुद्दा चुकीचा नव्हता.

"सर, तुमचं बरोबर हाय," मारोती म्हणाले. "पन मी हिले इचारलं नव्हतं. हात इचारून काढले. तोंड तसंच घेतलं. जे मांगून आनलं नाही ते वापस करा लागते."

संघदीपांनी तानाबाईंकडे पाहिले. "मावशी, विचारलं असतं तर तुम्ही हो म्हटलं असतं का?"

"म्हटलंबी असतं," त्या म्हणाल्या. "मंग दोष माहा असता. आता कोनाचा म्हनू?"

संघदीप म्हणाले, "ठीक आहे." त्यांना ते ठीक वाटले नव्हते हे सगळ्यांना दिसत होते.

प्रश्न उरला तो, चेहऱ्याच्या जागी काय काढायचे. मारोतींनी पिशवीतून जुने कॅलेंडर काढले, आणि तानाबाईंनीच हात मध्ये घातला.

"हे गोरी बाई कायले? वेचनीले आमी कशा जातो? तोंडाले फडकं बांधून. तसं बांधून द्या तिले. डोये तेवढे ठेवा, ते बी माहे नको."

"अन् हात?"

"हात राहू द्या. हात मी देल्ले होते."

दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी मारोतींनी पांढरा रंग जाड करून गाल, ओठ, दाबून धरलेले ते हसू झाकले. हे करताना त्यांनी दार लावून घेतले होते. दुसऱ्या दिवशी उन्हाने फिकटलेले निळे फडके आले, कपाळापासून हनुवटीखालपर्यंत घट्ट गुंडाळलेले. त्याच्या फटीत दोन डोळे, खाली वळलेले, कोणत्याही बाईचे. सुजाता आता वेचणीला निघालेल्या गावातल्या चाळीस बायांपैकी कोणीही होती. समितीतल्या एकाने येऊन पाहिले आणि म्हटले, "आता तं काई समजतच नाही कोन हाय ते." ते निंदेने म्हटले होते.

तानाबाई सकाळी कामावर जाण्याआधी आल्या. त्यांनी चित्र पाहिले, मान हलवली आणि काही सांगायला तोंड उघडले, तेवढ्यात रस्त्यावरून जयाचा आवाज आला.

"ताने, येते का नाही? तुह्यासाठी ऑटो दिवसभर उभा रायते काय?"

"आली व, मरून नाही राह्यली," तानाबाई ओरडल्या आणि तशाच धावत निघाल्या. काय सांगायचे होते ते राहिले. मारोती दारात आले तोवर ऑटो वळणावर गेला होता. आतून दोघींचे भांडण ऐकू येत होते.

त्यानंतर तानाबाई मारेगावला आल्या नाहीत. येण्याचे कारण उरले नव्हते. एकदा मारोतींनी फोन केला; वेचणीची उलंगवाडी, म्हणजे हंगामाची शेवटची वेचणी, चालली होती, मागे बायांचा गलका होता, त्या म्हणाल्या, "मंग बोलतो, भाऊ, आता कामात हाय." मारोती दोन-तीन संध्याकाळी फोन जवळ ठेवून बसले. मग त्यांनी तो पुन्हा खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात ठेवायला सुरुवात केली. विहार पाहायला येणारे कमी झाले. संघदीपांनी दुसऱ्या विहाराचे काम दुसऱ्या पेंटरला दिले, आणि तसे फोनवर सरळ सांगितलेही.

फाल्गुनात पांढरकवड्याजवळच्या एका गावी राममंदिराच्या सभामंडपातले काम मिळाले. रामाला बोरे देणारी शबरी काढायची होती. विश्वस्त विठ्ठलरावांनी नेहमीप्रमाणे कॅलेंडर दिले. मारोतींनी ते गुंडाळून कोपऱ्यात ठेवले आणि शबरीसाठी चेहरा देता काय, असे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारत ते फिरू लागले. पहिली म्हातारी हसून आत निघून गेली. दुसरीने घरी विचारून सांगते म्हटले आणि पुन्हा दिसली नाही. तिसरीचा मुलगा मंदिरात येऊन म्हणाला, "माह्या मायचं चित्र तुमाले कायले पायजे?" मारोतींनी त्याला कारण सांगितले. काय काय होऊ शकते तेही सांगितले, सावरखेडीचे सगळे. सगळे ऐकल्यावर मुलगा आणखीच ठाम झाला. चौथ्या घरी त्यांनी ते सांगितले नसते, तर बाई बहुधा हो म्हणाली असती. त्यांनी सांगितले.

बोरांची टोपली झाली, लुगड्याच्या घड्या झाल्या, मागचे झाड झाले, बसलेला राम झाला. शबरीच्या खांद्यांवर चुन्याची पांढरी जागा राहिली. दुपारी मंदिरात कोणी नसे. मारोती त्या जागेसमोर पोत्यावर बसून राहत.

रामनवमीला आठ दिवस उरले तेव्हा विठ्ठलराव स्वतः आले. त्यांनी भिंत पाहिली, मग कोपऱ्यातले गुंडाळलेले कॅलेंडर पाहिले.

"पेंटर, तोंड काहून राह्यलं?"

"अजून कोनी हो म्हटलं नाही," मारोती म्हणाले.